पुरावा देता येत नाही, तरी मी मानते. हा अप्रामाणिकपणा आहे का?

एका वाचक भगिनीच्या दीर्घ पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

त्या चाळिशीच्या आसपासच्या आहेत. लहानपणापासून ईश्वर मानतात, रोज प्रार्थना करतात. त्यांचा धाकटा भाऊ एकेकाळी त्यांच्याइतकाच श्रद्धाळू होता. सहा वर्षांपूर्वी, वडिलांच्या शेवटच्या आजारपणात, दोघे रोज रात्री शेजारी बसून प्रार्थना करत. वडील गेले. त्यानंतर भावाने हळूहळू सगळे सोडले, पुष्कळ वाचन केले, आणि आता तो स्वतःला निरीश्वरवादी म्हणवतो. दोघे भेटले की वाद होतो. गेल्या भेटीत भाऊ म्हणाला, ‘ईश्वर आहे याचा एक तरी पुरावा दे.’ त्यांनी आपल्या मुलाची हकीकत सांगितली: दोन वर्षांपूर्वी त्याचा ताप नऊ दिवस हटत नव्हता, त्यांनी रात्रभर प्रार्थना केली आणि पहाटे ताप उतरला. भाऊ म्हणाला, ‘औषध चालू होते ना? मग हा पुरावा कसा?’ त्यावर चिडून त्या म्हणाल्या, ‘मग ईश्वर नाही हे तू सिद्ध करून दाखव.’ भाऊ गप्प झाला आणि थोड्या वेळाने उठून गेला. जाताना एवढेच म्हणाला, ‘ज्याचा पुरावा देता येत नाही ते मानत राहणे म्हणजे स्वतःशी अप्रामाणिकपणा आहे.’ हे वाक्य त्यांच्या मनातून जात नाही. वाद जिंकल्यासारखा वाटला, तरी आपल्या उत्तरात काहीतरी खोट होती असेही त्यांना वाटत राहते. त्या विचारतात: पुराव्याशिवाय मानणे अप्रामाणिक आहे का? मुलाच्या बरे होण्याला मी काय समजावे? आणि पुढच्या महिन्यात भाऊ पुन्हा भेटेल तेव्हा त्याला काय उत्तर देऊ?

प्रिय भगिनी,

वाद जिंकल्यासारखा वाटूनही आपल्या उत्तरात खोट असल्याची जाणीव तुम्हाला झाली, ही तुमच्या पत्रातली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. आपल्याच बाजूच्या युक्तिवादातला कच्चा दुवा जिला दिसतो आणि जी तो लिहून कळवते, तिच्यावर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवताना कोणीही दोनदा विचार करावा. म्हणून आधी त्या खोटीविषयीच बोलू. तुमच्या मोठ्या प्रश्नाचा एक धागा तिथूनच निघतो.

‘नाही हे तू सिद्ध करून दाखव’ या उत्तराने समोरचा माणूस गप्प होतो, कारण ते कशाच्याही बचावासाठी वापरता येते. बर्ट्रांड रसेल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५२ साली लिहिलेल्या एका लेखात याचे एक उदाहरण दिले आहे. पृथ्वी आणि मंगळ यांच्या दरम्यान चिनी मातीची एक किटली सूर्याभोवती फिरत आहे आणि ती इतकी लहान आहे की सर्वांत शक्तिशाली दुर्बिणीतूनही दिसणार नाही, असे कोणी म्हटले तर ते खोटे असल्याचे कोणालाच दाखवून देता येणार नाही; परंतु दाखवून देता येत नाही एवढ्यावरून ते मानण्याचे बंधन कोणावर येत नाही. जो विधान करतो त्याने आधार द्यावा, हा नियम केवळ न्यायालयापुरता नाही. दोन माणसांच्या सरळ बोलण्यातही तो गृहीतच असतो. भाऊ भेटेल तेव्हा हे एक उत्तर तुम्ही आपण होऊन मागे घ्या. त्याने मागण्याची वाट पाहू नका.

मात्र हा नियम दोघांनाही लागू आहे. ‘ईश्वर असल्याचा पुरावा मला मिळालेला नाही’ आणि ‘ईश्वर नाही’ ही दोन निरनिराळी विधाने आहेत, आणि दुसरे विधान करणाऱ्यालाही त्याचा आधार द्यावाच लागतो. भारतीय तत्त्वचिंतनात हा भेद जुना आहे. सांख्य या दर्शनाच्या सूत्रांमध्ये ‘ईश्वरासिद्धेः’ असे एक सूत्र येते. ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून, असा त्याचा सरळ अर्थ. सोळाव्या शतकातील भाष्यकार विज्ञानभिक्षू त्यावर लिहिताना नेमक्या शब्दावर बोट ठेवतात: ईश्वर नाहीच, असे सूत्रकाराला म्हणायचे असते तर त्याने ‘ईश्वराभावात्’ असा शब्द वापरला असता. विज्ञानभिक्षू स्वतः ईश्वर मानणारे होते, त्यामुळे हा अर्थ त्यांच्या सोयीचा आहे असा आक्षेप घेता येईल, आणि तो गैरही म्हणता येणार नाही. तरीही असिद्धी आणि अभाव यांच्यामध्ये त्यांनी दाखवलेले अंतर खरे आहे. तुमचा आणि भावाचा वाद बराचसा त्याच अंतरात अडकला आहे, असे मला पत्र वाचताना वाटत राहिले.

मग एखादी गोष्ट ‘नाही’ असे खात्रीने कधी म्हणता येते? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांनी, अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे अभाव जाणून घेण्याचे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. पण त्याला एक कडक अट घातली. ती वस्तू असती तर ती आढळलीच असती, अशी परिस्थिती असली पाहिजे. लख्ख उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही, तेव्हा तिथे घडा नाही असे निश्चयाने म्हणता येते. पिशाच दिसत नाही म्हणून मात्र पिशाच नाही, असे त्याच निश्चयाने म्हणता येत नाही, कारण ते मुळात दिसणारे मानलेलेच नाही. या दोन उदाहरणांतला फरक ध्यानात ठेवला तर ईश्वराविषयीच्या वादातला निम्मा गोंधळ कमी होतो.

विज्ञानाचा व्यवहारही याच अटीवर चालतो. युरेनसच्या कक्षेतील विसंगतीवरून लव्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने कोणीही न ओळखलेल्या एका ग्रहाची जागा कागदावर काढली, आणि १८४६ साली बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही विसंगती दिसली, तेव्हा १८५९ साली त्याच लव्हेरिए यांनी सूर्याच्या जवळ आणखी काहीतरी फिरत असावे असे अनुमान केले. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन असे नाव पडले, तो पाहिल्याचे सांगणारी माणसेही पुढे आली. परंतु तो असता तर खग्रास सूर्यग्रहणांच्या वेळी दिसायला हवा होता, आणि नीट शोध घेऊनही तो दिसला नाही. १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने बुधाच्या कक्षेचा उलगडा त्या ग्रहाशिवायच केला. तेव्हा व्हल्कन नाही, असे म्हणण्याचा अधिकार खगोलशास्त्रज्ञांना मिळाला. केवळ कोणी सिद्ध केले नाही म्हणून तो मिळाला नव्हता. जिथे व्हल्कन सापडायला हवा होता तिथे शोधूनही तो सापडला नाही, म्हणून हा अधिकार मिळाला होता.

आता हीच कसोटी तुमच्या वादाला लावा. ईश्वर असता तर काय आढळले असते? याचे उत्तर ‘ईश्वर’ या शब्दाने तुम्हा दोघांना काय अभिप्रेत आहे यावर अवलंबून आहे, आणि तुमच्या पत्रात मला तेच कुठे सापडले नाही. विश्वाच्या मुळाशी असलेले कारण, प्रार्थना ऐकून घटनांचा ओघ बदलणारी शक्ती, चांगल्या-वाईटाचा आधार, नाम-रूपापलीकडचे चैतन्य, या चारही गोष्टींना माणसे ईश्वरच म्हणतात. यांतली दुसरी कल्पना जगात खुणा सोडणारी आहे, म्हणून ती बऱ्याच अंशी तपासता येते. पहिली फार थोडी तपासता येते. चौथी तपासण्याच्या कक्षेत येतच नाही. भाऊ बहुधा दुसऱ्या कल्पनेचा पुरावा मागत असतो आणि तुम्ही उत्तर देताना पहिलीवरून चौथीवर जाता. हे कोणी मुद्दाम करत नाही. तरी त्यामुळे वाद कधी संपत नाही.

‘पुरावा’ या शब्दाचीही तीच गत आहे. गणितातली सिद्धता ही एक गोष्ट आहे: मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास दाखवले आणि त्यावर आजही कोणाला शंका घेता येत नाही. ईश्वराच्या बाबतीत अशी सिद्धता देण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. अकराव्या शतकात अँसेल्म या ख्रिस्ती साधूने असा युक्तिवाद केला की, ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही त्याला ईश्वर म्हणायचे, आणि तो केवळ कल्पनेत असेल तर प्रत्यक्षात असणारा त्याहून थोर ठरेल, म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. १७८१ साली कांट या जर्मन तत्त्वज्ञाने त्यातली अडचण सांगितली: कल्पनेतली शंभर नाणी आणि खरी शंभर नाणी यांच्या वर्णनात काडीचा फरक नसतो, फरक पडतो तो खिशात, वर्णनातून अस्तित्व निघत नाही. मला कांट यांचे म्हणणे पटते. तरी अँसेल्मविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याने ती सिद्धता ईश्वराला उद्देशून, प्रार्थनेच्या रूपात लिहिली आहे. म्हणजे जो मनुष्य ईश्वर आहे हे सिद्ध करायला बसला होता, तो त्याच ईश्वराशी बोलत बोलत सिद्ध करत होता.

अनुमानाचा मार्ग आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, अधिक नेटाने चालवला. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास उदयनाचार्यांनी मांडलेल्या युक्तिवादांपैकी प्रमुख असा: घडा हे कार्य आहे आणि त्याला कर्ता असतो, जग हेही कार्यच आहे, म्हणून जगालाही कर्ता असला पाहिजे. अकराव्या शतकातील बौद्ध पंडित रत्नकीर्ती यांनी त्या परंपरेला विचारलेला प्रश्न आजही बिनतोड वाटतो. घड्यामागे कुंभार असतो हे आपण पुन्हा पुन्हा पाहिले आहे, म्हणून घडा पाहून कुंभाराचे अनुमान करतो. डोंगर किंवा अंकुर यांच्यामागे कर्ता असल्याचे कोणी केव्हा पाहिले आहे, की त्यावरून तसाच नियम बांधता यावा? आणि हा वाद श्रद्धाळू विरुद्ध अश्रद्ध असाही नव्हता. वेदांना सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या कुमारिलांनीच जगाचा कर्ता मानण्यास नकार दिला होता. या सगळ्या वादांत विलक्षण बुद्धी खर्ची पडली, आणि कोणत्याही बाजूच्या युक्तिवादाने दुसरी बाजू कायमची संपली नाही. तेव्हा तुमच्या घरी एका संध्याकाळी तो निकाली निघाला नाही याचा फार विषाद मानू नका. तुम्ही निरुत्तर झालात यावरून तुम्हाला उत्तर सुचले नाही एवढेच ठरते. ईश्वराविषयी त्यावरून काही ठरत नाही. भाऊ गप्प बसला, त्यावरूनही ठरत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न. भावाच्या ज्या वाक्याने तुमची झोप उडाली आहे, तोच विचार विल्यम क्लिफर्ड या इंग्लिश गणितज्ञाने १८७७ साली मोठ्या कळकळीने मांडला होता. त्याचे उदाहरण असे. एका जहाजमालकाला शंका येते की आपले जहाज जुने झाले आहे, सफरीपूर्वी त्याची तपासणी करायला हवी. पण खर्च मोठा आहे. म्हणून तो मनाची समजूत घालतो: आजवर इतकी वादळे या जहाजाने सोसली, याही वेळी दैव सांभाळील. समजूत घालता घालता त्याचा त्यावर मनापासून विश्वास बसतो. जहाज प्रवाशांसह समुद्रात बुडते. क्लिफर्ड म्हणतो की त्याचा विश्वास खरा होता याने त्याचा अपराध हलका होत नाही, कारण तो विश्वास बाळगण्याचा हक्कच त्याला नव्हता. आणि जहाज सुखरूप पोचले असते तरी तो तितकाच अपराधी राहिला असता. यावरून क्लिफर्डने नियम काढला की, पुरेशा पुराव्याशिवाय काहीही मानणे सर्वांसाठी आणि सदैव गैर आहे. १८९६ साली विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने त्याला उत्तर दिले. ज्या प्रश्नाचा निकाल पुराव्याने लागू शकत नाही, जो प्रश्न माणसाच्या दृष्टीने जिवंत आणि जीवनमरणाइतका महत्त्वाचा आहे, आणि जिथे निर्णय न घेणे हाही एक निर्णयच ठरतो, तिथे मनाचा कौल घेण्याचा माणसाला अधिकार आहे, असे त्यांचे म्हणणे. ही सवलत त्यांनी फार मोजून दिलेली आहे. आपल्याला वाटेल ते मानायला परवानगी मिळाली, असे समजून तिचा पुष्कळांनी गैरवापर केला आहे.

मला क्लिफर्डचा नियम पटत नाही, पण त्याचे उदाहरण पटते, आणि त्या उदाहरणात दोष नेमका कुठे आहे हे पाहिले की तुमच्या प्रश्नाला मार्ग सापडतो. जहाजमालकाला तपासणीचा मार्ग मोकळा होता आणि त्याने तो जाणूनबुजून टाळला, हा पहिला दोष. त्याच्या विश्वासाची किंमत त्याने मोजली नाही, ज्यांना काही विचारलेच नव्हते अशा प्रवाशांनी मोजली, हा दुसरा. या दोन्ही गोष्टी तुमच्या बाबतीत आहेत का? तुमच्या मुलाला ताप होता तेव्हा तुम्ही प्रार्थना केलीत आणि औषधही चालू ठेवलेत. जिथे पुराव्यावर चालणारे ज्ञान उपलब्ध होते तिथे तुम्ही ते डावलले नाही, मुलाला तपासणी न केलेल्या जहाजावर चढवले नाही. ‘औषध चालू होते ना?’ या ज्या प्रश्नाने भावाने तुमचा पुरावा खोडून काढला, तोच प्रश्न तुमच्या प्रामाणिकपणाच्या बाजूने साक्ष देतो. हे त्याच्याही लक्षात आणून द्यावे असे मला वाटते, अर्थात वाद जिंकण्यासाठी नव्हे. ज्या वाचकांनी श्रद्धेच्या भरवशावर स्वतःचे किंवा घरातल्या कोणाचे औषध थांबवले आहे, त्यांना मात्र माझे सांगणे निराळे आहे: तुम्ही त्या जहाजमालकाच्या जागी उभे आहात, आणि तुमच्या श्रद्धेचा खरेपणा त्या माणसाच्या कामी येणार नाही. औषध आजच सुरू करा.

अप्रामाणिकपणाची आणखी एक जागा आहे, आणि तिथे तुम्हाला थोडे सावध राहावे लागेल. आपल्याजवळ जितकी खात्री आहे त्याहून अधिक खात्री बोलून दाखवणे, ही ती जागा. आपल्या भाषेत ‘मला माहीत आहे’, ‘मला वाटते’, ‘मी मानते’ आणि ‘मी विसंबते’ ही चार वेगळी वाक्ये आहेत. आपणच ती घाईने एकमेकांच्या जागी वापरतो. ईश्वर आहे हे मला माहीत आहे, असे तुम्ही म्हणालात तर भावाला ‘कशावरून’ असे विचारण्याचा पूर्ण अधिकार पोचतो, आणि तुमच्याकडे दाखवण्याजोगे उत्तर हवे. मी ईश्वरावर विसंबून जगते, मला त्यात बळ मिळते, ते मिथ्या असण्याची शक्यता मी नाकारत नाही, असे म्हणालात, आणि ते खरे असेल, तर तुम्ही कोणताही खोटा दावा केलेला नाही. उलट ही शक्यता तुम्हाला मुळीच मान्य नसेल, काहीही आढळले तरी माझे मत बदलणार नाही असे आतून वाटत असेल, तर तेही उघडपणे सांगा. तसे असणे हा गुन्हा नाही. फक्त मग ती श्रद्धा पुराव्यातून आलेला निष्कर्ष आहे, असे भासवू नका.

इथे मला पास्कलची आठवण होते. १६५४ साली ब्लेझ पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांमध्ये जो पत्रव्यवहार झाला त्यातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. पुरावा कमी-अधिक असतो, खात्रीला मोजमाप असते, हे आपण आज ज्या भाषेत बोलतो ती भाषा घडवणाऱ्यांपैकी हा एक माणूस. त्याच वर्षीच्या २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला एक अतिशय उत्कट धार्मिक अनुभव आला. त्याने तो काही तुटक ओळींत लिहून ठेवला, आणि १६६२ साली त्याच्या मृत्यूनंतर तो कागद त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात शिवलेला सापडला. आठ वर्षे त्याने तो जवळ बाळगला आणि कोणाला दाखवला नाही. पुढे त्याने ईश्वर मानण्याच्या बाजूने एक प्रसिद्ध युक्तिवाद केला, त्यात लाभ-हानीचा हिशेब आहे, त्या रात्रीचा उल्लेख नाही. त्याने असे का केले हे आपण सांगू शकत नाही. मी त्यातून माझ्यापुरते एवढे घेतले आहे की, प्रचीती जिला येते तिच्यासाठी ती खरे बळ असू शकते, पण दुसऱ्याच्या हातात ठेवली की ती केवळ ऐकीव हकीकत उरते. नैयायिक ज्याला प्रत्यक्ष म्हणतात ते तुमचे असेल. भावापर्यंत पोचताना त्याचे शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळलेली गोष्ट, होते, आणि शब्द मानायचा की नाही हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. त्याने तुमचा अनुभव पुरावा म्हणून स्वीकारला नाही म्हणजे तुम्हाला खोटे ठरवले, असे नाही.

मुलाच्या तापाविषयी तुम्ही विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. भावाचे म्हणणे बरोबर आहे. तो पुरावा नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असे आपण म्हणतो, संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. नऊ दिवस चाललेले बहुतेक ताप कधीतरी उतरतातच, उपचार चालू असले तर त्याची शक्यता वाढते, आणि आई जागी असलेल्या रात्रीच तो उतरला यात आश्चर्य कमी आहे, कारण ती बहुधा सगळ्याच रात्री जागी होती. प्रार्थनेने आजार बरे होतात का, याची मोठी तपासणीही झालेली आहे. अमेरिकेत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी प्रार्थना होईलच की नाही हे ज्यांना निश्चित सांगितलेले नव्हते, अशा रुग्णांचे दोन गट होते. एका गटासाठी अनोळखी माणसांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, आणि गुंतागुंत उद्भवण्याचे प्रमाण अनुक्रमे ५२ आणि ५१ टक्के आले. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते त्या तिसऱ्या गटात ते ५९ टक्के होते. यावर पुष्कळ श्रद्धाळू म्हणतात की ईश्वराची अशी परीक्षा घेता येत नाही, माणसांना गटांत वाटून केलेली प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे. मला हे म्हणणे विचारात घेण्याजोगे वाटते. परंतु मग ते दोन्हीकडे पाळावे लागते. प्रार्थना फसली तेव्हा ईश्वराची परीक्षा घेता येत नाही म्हणायचे आणि ताप उतरला की तीच परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणायचे, हे चालणार नाही. प्रार्थना तुमच्यासाठी काय करते हे तुम्ही जाणता: त्या रात्री तिने तुम्हाला धीर दिला, हात थरथरू न देता काळजी घेण्याचे बळ दिले. तेवढे सांगायला तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

पुढच्या भेटीसाठी काही गोष्टी सुचवते. अशाच वादात सापडलेल्या इतरांनाही, मग ते तुमच्या बाजूचे असोत की भावाच्या, त्या उपयोगी पडाव्यात. बोलणे दोघांतच करा. आई, मुले, पाहुणे समोर असले की माणूस खरे काय यापेक्षा आपण कसे दिसतो याची काळजी करू लागतो. सुरुवातीलाच त्याला विचारा की तू ज्या ईश्वराला नाकारतोस तो कसा आहे, आणि त्याने सांगितलेले तुम्ही तुमच्या शब्दांत पुन्हा सांगा. ‘हो, मला हेच म्हणायचे आहे’ असे तो म्हणेपर्यंत उत्तर देऊ नका. कदाचित असे निघेल की तो ज्याला नाकारतो त्याला तुम्हीही मानत नाही. काय आढळले तर तुझे मत बदलेल, हे एकमेकांना विचारा, आणि विचारल्यावर स्वतःही उत्तर द्या. मुलाने कधी विचारले तर त्याला ‘मी मानते, मामा मानत नाही, आणि दोघांनी विचार केलेला आहे’ एवढे सांगायचे, हे आधीच ठरवून ठेवा; दोन मोठ्या माणसांच्या वादात मुलाला पंच करू नये, पुरावा तर मुळीच करू नये.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतले ती. वडिलांच्या आजारपणाचा उल्लेख तुमच्या पत्रात एकाच वाक्यात येतो आणि तुम्ही लगेच पुढे जाता. सिसेरो या रोमन लेखकाने डायगोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाची एक गोष्ट सांगितली आहे. समुद्रात नवस बोलून वादळातून वाचलेल्या लोकांनी देवाला वाहिलेली चित्रे दाखवून एका मित्राने त्याला विचारले, देव माणसांची काळजी घेतात हे यावरून पटत नाही का? डायगोरस म्हणाला, जे बुडाले त्यांची चित्रे इथे कोणी लावलेली नाहीत. ही गोष्ट सहसा पुराव्यातली चूक दाखवण्यासाठी सांगतात, आणि ती चूक खरी आहे. तुमचे पत्र वाचताना मात्र मला तिची दुसरी बाजू दिसली. तुम्ही तुमच्या मुलाच्या बरे होण्याची हकीकत अशा माणसाला पुरावा म्हणून सांगितलीत, जो तुमच्याच शेजारी बसून, तुमच्याइतक्याच कळकळीने, रोज रात्री प्रार्थना करत होता, आणि ज्याचे वडील गेले. तुमचा पुरावा मान्य करायचा तर त्या रात्रींचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो, आणि त्याचे कोणतेही उत्तर त्याला सोसणारे नाही.

याचा अर्थ त्याचे सगळे युक्तिवाद दुःखातून आले आहेत म्हणून ते पोकळ आहेत, असा कृपया लावू नका. विचार कुठून आला यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. तसे ठरत असते तर तुमची श्रद्धा लहानपणी घरच्यांकडून आली एवढ्यावरून तीही बाद झाली असती. सर्वसमर्थ आणि दयाळू ईश्वर असेल तर इतके निरपराध दुःख का, हा प्रश्न डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाच्या १७७९ साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या संवादांत आहे, त्यांच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि श्रद्धाळू माणसाने ज्याचे ओझे खरोखर जाणवून घ्यावे असा हा विरुद्ध बाजूचा पुरावा आहे. तुमच्या भावाने तो वाचून मिळवला असेल, किंवा त्या खोलीत बसून. तुम्ही त्याला आजवर विचारलेले नाही, एवढेच मला दिसते.

म्हणून पुढच्या महिन्यात पुराव्याचे बोलणे झाल्यावर, किंवा त्याच्याऐवजी, त्याला त्या रात्रींविषयी विचारा: तू तेव्हा काय मागत होतास, आणि नंतर तुला काय झाले. तो बोलेल तितके ऐका, मध्ये उत्तर देऊ नका, ‘त्यामागेही काही हेतू असेल’ असे तर चुकूनही म्हणू नका. बोलायचे नसेल तर आग्रह करू नका. मुलाच्या तापाची गोष्ट तुम्ही आपण होऊन काढू नका. त्याने काढली, तर सांगा की त्या रात्री मी प्रार्थना केली, औषधही दिले, पहाटे ताप उतरला. माझ्या प्रार्थनेने उतरला असे मी आता म्हणत नाही, मला फार कृतज्ञ वाटले एवढे खरे, आणि बाबांच्या वेळी आपण दोघे तसेच शेजारी बसलो होतो, हे मला त्या रात्रीही आठवत होते.